दात्चाच्या मावशी, मनापासून आभार

मे महिन्यात आईला घेऊन तुर्कस्तानात दात्चाला गेलेलो, एका बाजूला एजियन दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र, एकदम शांत गाव. तिथल्या पालामुतबुक्यु या समुद्रकिनाऱ्याच्या गावाहून परतीची शेवटची दोलमुश, म्हणजे तिकडची शेअर मिनीबस, चुकली आणि तिथेच आईला उन्हाने चक्कर आली, माझा फोनही बंद. रस्त्याकडेला बदाम विकणाऱ्या एका बाईंनी काही न विचारता आपली खुर्ची दिली, खाली बसून आईच्या सँडलचे पट्टे सोडले, ओला रुमाल कपाळावर ठेवला आणि खारट आयरान घोटघोट पाजलं, अगदी आपलं ताकच ते. भाषा कुणालाच येत नव्हती, पण आईचा हात त्यांनी सोडला नाही. त्यांच्या मुलाने आम्हाला हॉटेलपर्यंत सोडलं, पैसे काही केल्या घेईना, वर बदामांची पिशवीच दिली. तिकडे अशा बाईंना तेझे म्हणतात, म्हणजे मावशी. तेझे, आई आता ठणठणीत आहे आणि रोज तुमची आठवण काढते, खूप खूप थँक्यू.