ताजच्या भुतापेक्षा सीताराम वैद्यांबद्दल छापा

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या झपाटलेल्या जागांवर लेख आला, त्यात ताज हॉटेलच्या भुताची तीच ती गोष्ट परत वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, गोरा आर्किटेक्ट प्लॅन देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, तोंड समुद्राकडे हवं ते गावाकडे, मग त्यानं वरून उडी मारली आणि आता जुन्या विंगमधे फिरत असतो. गेटवेला फिरायला गेलं की हेच कानावर पडतं, नेटवर तर विचारूच नका.

भुताच्या गोष्टी मलाही आवडतात हो, पण यात खरा मेला कोण आणि गोष्टीत मारलाय कोणाला हे जरा बघा ना. ताजचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. व्हीटी स्टेशन (आताचं सीएसएमटी) उभं राहिलं तेव्हा त्याचे आर्किटेक्ट स्टीव्हन्ससाहेब यांच्या हाताखाली काम बघणारे हेच वैद्य. जमशेटजी टाटांनी त्यांच्यावर हॉटेल सोपवलं आणि बांधकाम चालू असतानाच ते मलेरियानं गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स नावाच्या इंग्रजानं काम पुरं केलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. म्हणजे काम अर्धवट टाकून जावं लागलं ते मराठी माणसाला, आणि हळहळ कोणाची तर न मारलेल्या उडीची!

आणि उलटंबिलटं काही बांधलेलं नाही. त्या वेळी गेटवे नव्हताच, तो पुरा झाला १९२४ ला. पाहुणे घोडागाडीतून गावाच्या बाजूनंच येणार, म्हणून दार तिकडे ठेवलं, दोन्ही विंग पुढे काढून मधे अंगण. आज तिथे स्विमिंग पूल आहे, तेव्हा तिथे गाड्या येऊन लागायच्या. पुढे दार समुद्राकडे आलं, आणि मला वाटतं "उलटं बांधलं" ही समजूत त्यानंतरच पसरली असणार.

मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू, या गोष्टीत न बोलता धरून चाललंय की साहेबानं पाठ फिरवली की इथल्या लोकांना साधा नकाशा वाचता येत नाही. ज्यांनी व्हीटीचं काम निभावलं त्यांना दाराची दिशा कळली नसेल? आणि आपणच ती गोष्ट पोरांना मजेत सांगतो.

भूत छापू नका असं म्हणत नाही. पण पुढच्या वेळी ताजचा विषय निघाला तर वैद्यांच्या कामावर नीट चार ओळी द्या, मिर्झांचं नावही द्या, आणि जमलं तर त्यांनी मुंबईत अजून काय काय बांधलं ते शोधून एक पूर्ण लेखच येऊ द्या.

आपली नियमित वाचक,
गिरगाव, मुंबई