'घेऊ का?' विचारणाऱ्या आमच्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही पावसापाण्याचा विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. परवा मिरजेत लेक व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं खर्जातलं थोरलं भावंड, वाजवायला उभी राहिली आणि तिच्या आईला आणि मला एकमेकांकडे बघवेना. अजून त्यावर बोलायला गेलो की घसा दाटतो.

तुमच्याआधीच्या क्लासचं नाव घेत नाही. वर्षाची फी आगाऊ घेतली आणि दिवाळीच्या आत निकाल लावला, 'हिच्या हातात व्हायोलिन नाही, हार्मोनियम शिकवा.' (फी परत द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, ते असो.) सूर चुकला की तिथं पोरीच्या हातातून बो (वाजवायचा गज) हिसकावून घ्यायचे. पुढं पुढं ती घरीसुद्धा वाद्याला हात लावेना.

तुम्ही पहिल्या दिवशी सगळं ऐकून घेतलंत, मग हात पुढं करून विचारलंत, "घेऊ का?" बारा वर्षांच्या पोरीला! ती गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. तुम्ही हात तसाच धरून थांबलात. तिनं मान हलवली, तेव्हाच व्हायोलिन घेतलंत. सर, मी मार्केट यार्डातला माणूस. आमच्या सौद्यात हळकुंड मोडून रंग बघतात, शेतकऱ्याला विचारतंय कोण? आजही तुम्ही दर वेळी विचारता. आता ती धाकट्याचं खोडरबर घेतानाही विचारते आणि तो बिचारा चक्रावतो.

मग त्याच छोट्या व्हायोलिनवर तुम्ही व्हायोलाच्या तारा चढवल्यात. लहान मुलांसाठी असं करतात, हे आम्हाला कुठं ठाऊक! वरची बारीक तार गेली, खाली खर्जाची जाड तार आली. "ही लगेच बोलत नाही, तिला जरा वेळ द्यायचा," म्हणालात. आमची लेक तशीच आहे, पण शाळेच्या प्रगतिपुस्तकात त्याला 'मंद प्रतिसाद' म्हणतात.

तुमची उमेदीची वर्षं मुंबईच्या रेकॉर्डिंगांत, व्हायोलाच्या रांगेत गेली. पडद्यावर नाव नाही. पुढं कीबोर्ड आले आणि त्या रांगाच उठल्या. सतारमेकरांच्या मिरजेत परत येऊन व्हायोला शिकवतो म्हणालात, तेव्हा हसणारेही होते. तुमच्या तोंडून त्यांच्याबद्दल कधी वाकडा शब्द आला नाही. तुम्ही सांगता ती हंगेरीच्या बार्टोक या संगीतकाराची गोष्ट: प्रिमरोझ या व्हायोलावादकासाठी व्हायोला कॉन्चेर्टो (व्हायोला आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) लिहिता लिहिता १९४५ साली तो गेला, टिबॉर शेर्लीनं त्याचे विस्कळीत कागद जुळवून रचना पुरी केली आणि १९४९ साली प्रिमरोझनं ती वाजवली. "त्या शेर्लीचं नाव विसरू नकोस," असं तिला बजावता. ते का, हे मला परवा तिचं वाजवणं चालू असताना तुम्ही पडद्याआड स्टँडचा हललेला पाय धरून बसलेले दिसलात तेव्हा कळलं.

हुशार माणसं सांगलीत पैशाला पासरी आहेत. आपल्याहून लहानाची परवानगी मागणारा मला चाळिशी ओलांडल्यावर भेटला.

एकच तक्रार आहे. तारांचे पैसे तुम्ही अजून घेतले नाहीत. येत्या गुरुवारी पाकीट आणतोय आणि या वेळी ते तिच्या केसमध्ये परत सापडता कामा नये.

आपला,
एक पालक, सांगली