मित्रास पत्र : जंगलातून

पीटर्सहॅम, मॅसॅच्युसेट्स
रविवार, जुलै

प्रिय पक्या,

‘हार्वर्डला गेलास म्हणे, मग फोटोत नुसती झाडंच का?’ हा तुझा मेसेज वाचून हसलो. अरे, हार्वर्डच आहे, पण शहरापासून बरंच आत. विद्यापीठाने १९०७ पासून इथे स्वतःचं जंगल राखलंय, ४००० एकरांच्या आसपास. दर उन्हाळ्यात पदवीची पोरं संशोधनाला येतात. राहायची सोय होते, वर स्टायपेंड. पैसा बराचसा सरकारी, नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, त्यामुळे नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवालाच लागतो. बाबांच्या कार्डाचं घोडं वेळेत गंगेत न्हालं म्हणून मी त्यात बसलो.

आमच्या गटाचं काम काय? जमीन तापवणं. खरंच. हवा तापत गेली तर मातीतल्या कार्बनचं काय होईल, ते बघायला. १९९१ मध्ये जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ६ बाय ६ मीटरचे वाफे आखले. काहींत १० सेंटिमीटर खोल विजेच्या तारा पुरल्या आणि माती आजूबाजूपेक्षा ५ अंशांनी गरम ठेवली. आता, तारा पुरायच्या तर माती उकरावी लागणार. उद्या जो फरक दिसेल तो उष्णतेचा की उकरण्याचा? म्हणून आणखी काही वाफ्यांत तशाच तारा पुरल्या आणि त्यांत वीज सोडलीच नाही. उरलेल्या वाफ्यांना हातच लावला नाही. मला सगळ्यात आवडतात ते बिनविजेचे वाफे. आपल्या शंकेसाठी एवढी मेहनत करून ठेवणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

मोजायचं कसं, हे तुला मातीवाल्याला सांगायलाच हवं. जमिनीत प्लास्टिकच्या रुंद पाइपाची कडी रुतवलेली असते. तिच्यावर डबा घट्ट बसवायचा, नळी यंत्राला जोडायची, गुडघे टेकून आकडा बघत बसायचं. मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड डब्यात साठतो, आकडा चढतो. किती भराभर चढतो, तेवढंच टिपायचं. डास कानाशी, पँट मोज्यात खोचलेली, कारण गोचीड. ती चावली तर लाइम रोगाची भीती, म्हणून संध्याकाळी सगळे आपापले पाय तपासत बसतात.

आणि निकाल? पहिली दहा वर्षं तापलेल्या मातीतून कार्बन भराभर गेला. मग काही वर्षं फरक जवळजवळ मिटला. मग पुन्हा गळती सुरू! मातीतले सूक्ष्मजीव कुजका पाला खातात आणि त्यातला कार्बन हवेत सोडतात. सोपं अन्न संपलं तसे ते बदलले आणि सहज न कुजणाऱ्या चिवट मालालाही हात घालू लागले, असा अंदाज आहे. २०१७ मध्ये २६ वर्षांचा हिशेब छापून आला, तेव्हा वरच्या ६० सेंटिमीटरमधला १७ टक्के कार्बन उडाला होता. पाच वर्षांचं अनुदान संपलं की गाशा गुंडाळायची आपली रीत इथे चालली असती, तर ‘थोडा जातो, मग थांबतो’ असं पाठ्यपुस्तकात छापून मोकळे झाले असते. माझ्या जन्माआधी सुरू झालेल्या वहीत मी चार ओळी लिहितोय. हवामान बदलाचं संशोधन म्हणजे बहुतेक हेच, असं मला वाटायला लागलंय.

आमच्यात इतिहास शिकणारी एक मुलगी आहे. ती इथे कशाला, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यापुरताच पडला. गर्द झाडीत जिकडे तिकडे दगडी गडगे आहेत रे, थेट तुमच्या दापोलीसारखे! जंगलात गडगे कोण घालील? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली बहुतेक झाडी तोडून शेतं नि कुरणं केली होती. मग लोक पश्चिमेकडच्या सपाट, सुपीक जमिनीकडे आणि गिरण्यांकडे गेले, शेतं ओस पडली, झाडं परत आली. नांगर फिरला होता ती जमीन आजही सपाट आहे. जिथे फिरला नाही तिथे उन्मळलेल्या जुन्या झाडांचे खड्डे नि उंचवटे तसेच आहेत. जंगलातल्या एका उंच मनोऱ्यावरची हवा मोजणारी यंत्रं तीस वर्षांहून जास्त काळ दाखवतायत की हे जंगल हवेतला कार्बन शोषतंय. पण का शोषतंय याचं निम्मं उत्तर त्या शेतकऱ्यांकडे आहे. जंगल अजून वाढतंय. हे माहीत नसेल तर माझ्या डब्यातल्या आकड्याचा अर्थ लावणार कसा?

इथल्या हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी झाडांचं मात्र वाईट वाटतं. जपानहून आलेली, माव्याच्या कुळातली एक बारीक कीड पानांच्या बुडाशी पांढऱ्या कापसात दडून रस शोषते. कडक हिवाळा तिला मारायचा. हिवाळे सौम्य झाले, ती उत्तरेला सरकली.

तू भारतातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा फॉर्म भरणार म्हणतोस, जरूर भर. फक्त मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावाला भुलू नकोस. ज्यांच्याकडे जुन्या नोंदींच्या वह्या आहेत, त्यांना गाठ. आणि तुमच्या विद्यापीठात बागायती जमिनीच्या सेंद्रिय कर्बाच्या नोंदी किती मागे जातात ते विचारून कळव. ऑगस्टात सगळ्यांसमोर काम मांडायचंय, त्याची स्लाइड अजून कोरी आहे, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर शिव्या घालू नकोस.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
बंड्या