बाळ ज. पंडितांचे समालोचन पुन्हा ऐकवा

संपादक महोदय,

मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन घरोघरी पोहोचवणारे बाळ ज. पंडित २०१५ मध्ये गेले. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. त्यामुळे चेंडू कुठे पडला, स्लिप का हलवली, हे ते खेळाडूच्या नजरेने सांगत. मी एसटीत वाहक होतो. कराड स्थानकात गाडी लागली की कँटीनमधल्या ट्रान्झिस्टरभोवती हमाल, चालक, प्रवासी सगळे गोळा व्हायचे. कसोटीचे मैदान कधीच न पाहिलेल्या आम्हा माणसांना कव्हर, मिडविकेट डोळ्यांपुढे दिसे! आज टीव्हीवर चित्र असूनही समालोचक उगाच ओरडतात. आकाशवाणीने पंडितांच्या असतील तेवढ्या ध्वनिफिती शोधून प्रसारित कराव्यात. नव्या मराठी समालोचकांनी तर त्या ऐकायलाच हव्यात.

– एक निवृत्त एसटी वाहक, कराड