'हे दाबल्यावर काय होतं?' असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आमच्या वेबसाइटची बटणं सुधारून दिल्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "पुरे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. आमच्यासारखी कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, दाखवून पाहुण्यांना जेवू घालणारी घरं गोव्यात फोंड्याकडे बरीच आहेत. त्यांच्याही कामी येईल.

त्या दिवशी सोप्यावर बसून तुम्ही आमची वेबसाइट उघडलीत, तेव्हा मला वाटलं, आता फोटोंचं कौतुक होणार. माडावर चढलेला, नारळ पाडणारा पाडेली, मिरवेल, केळीच्या पानावरचं खतखतं. तुम्ही मात्र सगळं सरकवत थेट तळाशी गेलात आणि 'सबमिट'वर बोट ठेवलंत. "हे दाबल्यावर काय होतं?"

"मला मेल येते."

"तुला येते रे. पाहुण्याला काय मिळतं?"

मला उत्तर सुचेना. जागा पक्की होते, की ही नुसती चौकशी? पैसे आत्ता कापले जाणार का? पानावर कुठेच काही नव्हतं. म्हणजे माणूस शेवटी फोन करणार, आणि मी त्या वेळी नेमका पोफळींच्या आत, जिथे रेंज मिळत नाही.

मग तुम्ही मोबाइल आईच्या हातात दिलात. ती नारळ खवत होती. पदराला बोटं पुसली आणि चष्मा न लावताच बुकिंगचं बटण दाबायला गेली. लागलं शेजारचं 'रद्द करा'. परत भरलं, परत तेच. तिसऱ्या खेपेला तिने मान वर करून विचारलं, "हें दामल्यार कितें जातलें?" तुमचाच प्रश्न, कोंकणीत! तुम्ही हसलात, मी नाही हसलो. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीच्या २.२ आवृत्तीत बटणाला किमान २४ बाय २४ पिक्सेल जागा मागितली आहे आणि कडक पातळीला ४४ बाय ४४, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पण मला पटलं ते आईच्या अंगठ्यामुळे. आता बटण मोठं आहे आणि 'रद्द करा' त्याच्यापासून चांगलं लांब.

खरी मेहनत शब्दांवर झाली. 'सबमिट' गेलं. 'अधिक जाणून घ्या' तर पानावर चार ठिकाणी होतं आणि चारही वेगवेगळ्या जागी नेत होतं. 'आता बुक करा' मला बरं वाटत होतं, पण तुम्ही विचारलंत, "काय बुक करा? खोली? गाडी?" तासभर घासाघीस करून 'शनिवारच्या जेवणाला जागा धरा' इथवर आलो. त्याखाली बारीक ओळ: 'पैसे इथे आल्यावर. बेत बदलला तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा.' बटणापेक्षा या ओळीने जास्त काम केलं असं माझं मत आहे. बटणापाशी अडलेल्या माणसाच्या मनात पैशांचीच भीती असते.

आधी ज्यांनी साइट करून दिली होती त्यांनी वर उलटी मोजणी करणारं एक घड्याळ लावलं होतं, 'त्वरा करा, फक्त २ जागा शिल्लक'. आमच्याकडे पंगतीला तीस पानं मांडतात. शिवाय एक खिडकी मध्येच उघडायची, आणि ती बंद करायचं बटण म्हणायचं, 'नको, मला निसर्ग आवडत नाही'. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांची यादीच काढली, त्यात खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजवणं दोन्ही आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं तरी लाज वाटायला हवी होती. जत्रेत खाजेवाला गिऱ्हाइकाला हाका मारतो, पण पुढे गेलेल्याला टोमणा मारत नाही.

रंगावरून आपलं वाजलं ते वाजलंच. मला नागवेलीच्या पानासारखं फिकट हिरवं बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं हवी होती. तुम्ही ते उघड्यावर नेऊन मे महिन्याच्या उन्हात धरलंत, अक्षरं गायब. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ला १ हवं, म्हणून गडद हिरवं केलं. तुमचं नारिंगी मी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, आणि अजूनही करणार नाही. बटण म्हणून लावलेलं चित्र हटवून तिथे साधा मजकूर टाकायला लावलात, ते मात्र बिनतक्रार मानलं, कारण कमी रेंजमध्ये चित्राच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसायचा.

सर्वांत जास्त वेळ वाचला तो व्हॉट्सअ‍ॅपमुळे. लिंकमध्येच मजकूर भरून ठेवता येतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता पाहुण्याने दाबलं की संदेश तयार असतो: 'तारीख, माणसं किती, मुलं किती, शाकाहारी की मासे'. तो फक्त आकडे भरतो. पूर्वी एका पाहुण्यामागे सहा-सात संदेशांची ये-जा व्हायची. परवा एका बाईंनी माणसांपुढे लिहिलं, 'चार, आणि एक आजी, जिना चढत नाही'. आम्ही त्यांचं पान खालीच मांडलं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईने नीरफणस काढून ठेवलाय आणि विचारतेय, कापं शनिवारी करू की रविवारी? तेवढं कळवा.

तुमचा,
कुळागरवाला