गोव्यात मांडवीकाठच्या मालीम जेटीवरच्या तांडेलकाकांना

काका, सा. न.

24 ऑक्टोबर 2019 च्या रात्री शिडाच्या छोट्या बोटीतून भिजलेली तीन पोरं मालीमला आली होती, आठवतात का? त्यातला चष्मेवाला मी. मालवणहून कारवारला निघालो होतो. दिवाळी तीन दिवसांवर, अंगात मस्ती आणि हवामानखात्याचा इशारा 'बघू पुढे' म्हणत कानाआड केलेला. त्या वादळाला क्यार नाव पडलं ते दुसऱ्या दिवशी. आमची मात्र आग्वाद किल्ल्यापाशीच पाचावर धारण बसली होती.

मांडवीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे, एवढं नकाशात पाहिलं होतं. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समुद्राची लाट त्याच्यावर येऊन आपटली की तिथे काय होतं, ते तुम्ही सांगितलंत. आम्ही भरतीबरोबर आत आलो हे शहाणपण नव्हे, निव्वळ नशीब. तुम्ही तसं तोंडावर म्हणालातही.

जेटीला ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे होते. त्याआधी एके ठिकाणी 'खाजगी जागा आहे' म्हणून आम्हाला हाकललं होतं. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुमच्या ओडिशाच्या खलाशांना हाक मारलीत, दोन ट्रॉलर मागे सरकवलेत, मध्ये जुने टायर सोडलेत. आमची डोलकाठी ट्रॉलरच्या लोखंडी सांगाड्यात अडकेल म्हणून बोट उलट्या तोंडाने लावायला लावलीत. ते आम्हाला सुचलंच नसतं.

मग मी दोर बांधले. चांगले ताणून, वर दोन गाठी. "दोर सैल दवर, उदक देंवतलें," तुम्ही म्हणालात. दोर सैल ठेव, पाणी उतरणार आहे. मी हो म्हटलं आणि केलं काहीच नाही. वाऱ्यात सैल दोर म्हणजे बोट आपटणार, एवढंच माझं ज्ञान.

रात्री दोनच्या सुमाराला छतावर थाप पडली. बाहेर तुम्ही, डोक्यावर खताची पिशवी, हातात विजेरी. अमावस्या जवळ आलेली, पाणी पुरुषभर उतरलेलं आणि आमची बोट पुढच्या दोरावर लोंबकळत होती. खुंटीचे स्क्रू फायबरमधून अर्धे बाहेर आलेले. गाठ काही सुटेना. तुम्ही कोयत्याने एका घावात दोर तोडलात, तुमचा स्वतःचा जाडजूड दोर दिलात आणि जेटीच्या कडेवर तो घासू नये म्हणून बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा उभा चिरून त्यावर चढवलात. भर पावसात, बोलता बोलता. ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त "आतां न्हिद" म्हणालात, आता झोप.

दुसरा अख्खा दिवस बंदरात बसून काढला. दोनापावलाजवळ नाफ्त्याने भरलेलं, माणूस नसलेलं एक जहाज वाहत जाऊन खडकावर बसल्याची बातमी जेटीवर फिरत होती. तुमच्या घरून पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर आली. संध्याकाळी तुमच्या नातवाने त्याचा दिवाळीचा नरकासुराचा पुतळा दाखवायला नेलं. ताडपत्रीखाली झाकलेला, एक मिशी भिजून गळालेली. ती पुन्हा चिकटवायचं काम मला मिळालं. (माझी मिशी जरा वर गेली होती. त्याला आवडली.)

निघताना पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात, ते अजून खुपतं. नाव विचारलं तर "तांडेल म्हण", म्हणजे बोटीचा म्होरक्या, एवढंच म्हणालात. म्हणून हे पत्र असं, सगळ्यांसमोर. मालीमला येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी वाचलं तर तांडेलकाकांना दाखवा.

तुमचा दोर माझ्याकडेच राहिलाय, पाइपाच्या तुकड्यासकट. मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. नारळीपौर्णिमा झाली की घेऊन येतो. या वेळी बसने.

तुमचा,
चष्मेवाला