गरोदर सुनेच्या आहाराचा तक्ता सासूच्या आणि नवऱ्याच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या महिला पुरवणीत गरोदरपणातील आहारावर आपण पानभर मजकूर दिलात, सोबत तक्ताही छापलात. माहिती योग्य होती. पण सगळा मजकूर ‘तुम्ही हे खा, ते टाळा’ असा त्या गरोदर बाईलाच उद्देशून होता. पंढरपूर तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते, बहुतेक घरांत आपल्या ताटात काय पडेल हे ती ठरवतच नाही. बाजार नवरा किंवा सासरा करतो. डेअरीला किती दूध घालायचं आणि घरात किती ठेवायचं हे सासू ठरवते. सून सगळ्यांच्या मागून जेवायला बसते, तेव्हा टोपल्यात भाकरी शिल्लक असते, पण कालवण संपत आलेलं असतं. मग चटणी-भाकरीवर भागतं. अशा बाईला ‘प्रथिनं वाढवा’ म्हटलं की ती मुकाट मान हलवते, कारण माझ्याशी वाद घालण्यात तिला अर्थ वाटत नाही.

खरं तर वाढीव गरज काही फार मोठी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध. प्रथिनांची गरज शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वाढते, म्हणून डाळ, हुलगे, हरभरे, शेंगदाणे, चालत असेल त्या घरी अंडं. यातलं काहीही परगावाहून मागवावं लागत नाही. पुरवणीतल्या तक्त्यात अ‍ॅव्होकॅडो आणि ब्लूबेरी होती. त्या जागी शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, पेरू आणि आवळा लिहिला असता तर तो तक्ता आमच्या गावात कुणीतरी भिंतीला लावला असता.

पालेभाजीचं महत्त्व आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना गरोदर कामकरी बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या बायकांच्या खाण्यातच काहीतरी कमी आहे असा त्यांचा कयास होता. यीस्टचा अर्क दिल्यावर रक्त सुधारतं हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, पुढे १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं. आज जगभर गरोदर बाईला जी गोळी देतात, तिची सुरुवात मुंबईच्या गरीब बायकांपासून झाली.

दुसरा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचं खाणं त्यांनी बारकाईनं नोंदवलं. आई एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खाते यावरून बाळाचं वजन ठरताना दिसलं नाही. ज्या बायका दूध, पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मात्र चांगल्या वजनाची निघाली. म्हणजे भाकरीने पोट भरलं तरी बाळाचं भागतंच असं नाही. मी हे घरोघर सांगत असे. ऐकून सासवा म्हणायच्या, ‘अहो सिस्टर, पोटभर जेवती की ती!’ त्यांचं म्हणणं खोटं नसे. फक्त त्या पोटभर जेवणात कोरभर भाजी आणि चहापुरतं दूध असे.

याच खेड्यांतल्या अभ्यासात साठ टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. पंढरपूरच्या लोकांनी याची विशेष दखल घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे माळकरी घरं पुष्कळ. अंडं-मांस वर्ज्य, ते योग्यच आहे, श्रद्धेचा मान राखूनच बोललं पाहिजे. पण बी-१२ पालेभाजीत नसतं, डाळीतही नसतं. माळकरी घरात ते मिळण्याची जागा एकच, दूध, दही आणि ताक. दोन म्हशी दावणीला असताना घरातली गरोदर सून कोरा चहा पिते, हे मी कितीदा पाहिलं आहे. सकाळच्या धारेतलं एक पेलाभर दूध तिच्यासाठी बाजूला काढून मगच किटली डेअरीला जावी, एवढं सासऱ्यांनी ठरवलं तरी पुरे. ज्यांच्या घरी दुभतं नाही किंवा दूध पचत नाही, त्यांनी बी-१२ च्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

एकादशीचंही तसंच. पंधरवड्याची एकादशी, वर चतुर्थी, नवरात्र. साबुदाण्यात पिठूळ अंशाखेरीज फारसं काही नाही. गरोदर बाईनं उपवास सोडून द्यावा असं माझं मत आहे. मन मानत नसेल तर निदान राजगिरा, भगर-शेंगदाण्याची आमटी, दूध, केळी असं दिवसातून चार-पाच वेळा खावं. निर्जळी मात्र कुणीही करू देऊ नये.

आता सगळ्यात घातक समज. सातवा महिना लागला की डोहाळजेवणाला पंचपक्वान्नं होतात आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या खाण्यावर नजर ठेवली जाते. ‘लई खाऊ नको, पोरगं मोठं होईल, शिजर होईल.’ याच महिन्यांत बाळाचं वजन सगळ्यात वेगाने वाढत असतं आणि याच महिन्यांत आईचं खाणं तोडलं जातं. कमी खाऊन बाळंतपण सोपं होत नाही. उलट बाळ अडीच किलोच्या खाली भरतं आणि अंगात रक्त नसलेल्या आईला बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्राव सुद्धा जिवावर बेततो. पिकलेली पपई, केळी, वांगं यांवरची बंदीही अशीच बिनबुडाची. कच्च्या पपईचा चीक तेवढा टाळावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली. महाराष्ट्राची स्थिती त्याहून थोडी बरी इतकंच. रक्तवाढीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस रोज एक. तरी त्या डब्यात पडून राहतात. मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि ‘गोळीनं बाळ काळं होतं’ असं कुणीतरी घरातच सांगितलेलं असतं. शौचाचा काळा रंग लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवावं. रोज कालवणावर लिंबू पिळावं. नवऱ्याने रोज रात्री ‘गोळी घेतली का’ एवढं विचारलं तर मी महिनाभर समजावून होत नाही ते होतं, हा माझा अनुभव आहे.

फॉलिक आम्लाची तर आणखी आधी गरज असते. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नलिका नीट बंद व्हायला ते लागतं, आणि ती गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, तेव्हा पाळी चुकल्याचं सुद्धा नीट लक्षात आलेलं नसतं. म्हणून नव्या सुनेकडे ‘गोड बातमी कधी’ म्हणून लकडा लावणाऱ्या घरांनी तेव्हापासूनच तिची गोळी आणि तिचं ताट पाहावं.

शहरांत काही घरी उलटं होतं, दोघांचं म्हणून दुप्पट खाऊ घालतात आणि तुपाचे लाडू चालू होतात. तिथे गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी दोनदा झालीच पाहिजे, पहिल्या भेटीत आणि चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज दिला, तेव्हा हा मधुमेह १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला.

या प्रयोगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो खाऊ घरी नेऊन द्यायचा नव्हता, केंद्रावर देखरेखीखाली खायचा होता. अंगणवाडीतून मिळणारा कोरडा शिधा घरी गेला की सगळ्या घराचा होतो, त्यात कुणाचा दोष नाही, घरात लहान पोरं असतात. शासनाने २०१५ मध्ये डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, ती १६ आदिवासी जिल्ह्यांत. तिथे भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळी असं एक वेळचं गरम जेवण दिलं जातं. आमचा जिल्हा त्यात नाही. पण दिवाळीनंतर आमच्या कारखान्यांवर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांत दिवस गेलेल्या बायका मोळ्या वाहतात. पहाटे निघताना फडक्यात भाकरी आणि ठेचा, रात्री कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पुन्हा तेच. त्यांचं नाव त्यांच्या गावच्या अंगणवाडीत आणि त्या इथे. गळीत हंगामापुरतं तरी त्यांना कारखान्याच्या तळावर रोज एक गरम जेवण मिळावं, ही मागणी आपल्या पत्राने लावून धरावी.

आणखी दोन विनंत्या आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची तपासणी असते. त्या दिवशी सुनेबरोबर सासू किंवा नवरा आलाच पाहिजे असा आग्रह आरोग्य विभागाने धरावा आणि आहाराचं समुपदेशन दोघांना समोर बसवून करावं. दुसरी विनंती आपल्याला. सप्टेंबरात पोषण महिना येतो, तेव्हा आपण पुन्हा तक्ता छापालच. या वेळी तो महिला पुरवणीत छापू नका. बाजारभावाच्या पानावर, कांदा आणि डाळिंबाच्या दरांच्या शेजारी छापा. आमच्याकडे ते पान घरातले पुरुष रोज वाचतात.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. पंढरपूर, जि. सोलापूर